मोरीचे पाणी आणि नळातली हवा

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी 'धुण्याच्या यंत्राचे सांडपाणी' असे सांगितले. त्यांच्यापैकी एक गृहस्थ अंमळ घोटाळले आणि म्हणाले, "आपण कामगार चळवळीतले. त्यावरच काही घ्या ना." मी म्हणालो, हा विषय चळवळीचाच आहे. कसा, ते आधी सांगतो, म्हणजे श्रोत्यांचाही गोंधळ होणार नाही.

दोन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात साताऱ्याच्या एका पेठेतून नळकाम करणारा एक मिस्त्री आमच्या कचेरीत आला. एका जुन्या घराचे नूतनीकरण चालले होते. माडीवरची जुनी मोरी काढून तिथे स्वयंपाकघराचा ओटा वाढवला, मागच्या सोप्यात न्हाणीघर बांधले आणि त्याच्या भिंतीला लागून धुण्याचे यंत्र बसवले. काम संपले, रंग झाला, वास्तूची पूजा झाली आणि मालकांनी मिस्त्र्याचे शेवटचे सात हजार रुपये अडवून ठेवले. तक्रार दोन कलमी होती. यंत्र पाणी फेकू लागले की शेजारच्या न्हाणीघराच्या जाळीतून फेस वर येतो, आणि यंत्र बंद झाले की घरभर गटाराचा वास सुटतो. मिस्त्री म्हणत होता, "दादा, हवेचा पाइप गच्चीवर न्यावा लागेल असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मालक म्हणाले, नव्या गच्चीला भोक पाडू देणार नाही. आता नाव माझं खराब होतंय."

मी मालकांना भेटलो. माणूस सज्जन. त्यांनी मला एकच प्रश्न केला : "पाइप पाण्याचा. त्याला हवा कशाला लागते, एवढे मला सांगा, मी पैसे आत्ता देतो."

आणि मला उत्तर देता येईना. तीस वर्षे मजुरीचे हिशेब भांडून घेतले, पण ज्या कामाची मजुरी मागत होतो ते काम मला ठाऊक नव्हते. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. बाकीचे नगरवाचनालयात आणि कामगारांच्या तोंडून झाले. तेव्हा याही वेळी तोच मार्ग धरला. मिस्त्र्याला एका जुन्या हँडबिलाच्या पाठीवर सगळी आकृती काढायला लावली आणि आठवडाभर वाचले. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम जुनी मोरी आठवून पाहा. शहाबादी फरशीची, वीतभर कठड्याची जागा आणि भिंतीच्या तळाशी एक भोक. त्या भोकातून पाणी भिंतीपलीकडे पडे आणि उघड्या गटाराला मिळे. घुशी आत येऊ नयेत म्हणून रात्री भोकात फडक्याचा बोळा कोंबीत. मोठे धुणे घरात होतच नसे. ते विहिरीवर, नाहीतर माहुलीच्या किंवा सांगलीच्या घाटावर कृष्णेत. साताऱ्याला अजिंक्यताऱ्याचा उतार आहे, त्यामुळे गटारे आपली आपण वाहत. सांगली सपाट, तिथे पाणी रेंगाळे. ती व्यवस्था चांगली होती असे मी मुळीच म्हणणार नाही. डास होत, रोगराई होई, आणि ती गटारे उपसायला कोणत्या वस्तीतली माणसे येत हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. परंतु त्या उघड्या गटाराला एक गोष्ट फुकट मिळत होती, ती म्हणजे हवा. पाणी कितीही जोराने गेले तरी त्याच्या डोक्यावर आभाळ होते. दुर्गंधी वर जाई आणि वाऱ्यावर विरे.

आपण गटार झाकले, नळात घातले, हे योग्यच केले. पण झाकताना आभाळही बाहेर राहिले. आता ती हवा नळाला मुद्दाम द्यावी लागते. ती कुठून द्यायची आणि न दिल्यास काय होते, यातच मालकांच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

बंद नळाचे एक टोक आपल्या न्हाणीत उघडते आणि दुसरे टोक चेंबरमध्ये, सेप्टिक टाकीत किंवा रस्त्याखालच्या गटारात. म्हणजे नळ ही घर आणि गटार यांना जोडणारी सरळ बोगदावाट झाली. पाणी तिकडे जाईल तसा वायू इकडे येईल. त्याला अडवायला दार पाहिजे, आणि दार असे पाहिजे की पाण्याला उघडे आणि वायूला बंद. हे कोडे लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने सोडवले. १७७५ साली त्याने शौचकूपाचे जे पेटंट घेतले, त्यात खालचा नळ इंग्रजी 'एस' अक्षरासारखा वाकवलेला होता. वाकणात थोडे पाणी कायम साचून राहते. नवे पाणी आले की जुने पुढे ढकलले जाते, पण वाकण पुन्हा भरलेलेच. त्या साचलेल्या पाण्यातून वायूला वर येता येत नाही. यालाच आपले मिस्त्री 'ट्रॅप' म्हणतात. न्हाणीच्या जाळीखाली असतो तो नहाणी ट्रॅप. घर आणि गटार यांच्यामध्ये उभे असते ते एवढेच : सुमारे ५० मिलिमीटर पाणी. दोन इंच. लाखो रुपयांच्या घराचे हे दार पाण्याचे आहे, म्हणून ते दिसत नाही आणि म्हणूनच त्याची कुणी किंमत करत नाही.

हे दार मोडले म्हणजे काय होऊ शकते याचा एक दाखला परदेशातला आहे. २००३ साली सार्स नावाच्या रोगाची साथ आली. हाँगकाँगमध्ये अमॉय गार्डन्स म्हणून उंच इमारतींची एक वसाहत आहे. तिथे थोड्या दिवसांत तीनशेहून अधिक माणसांना लागण झाली. चौकशीत जी कारणे पुढे आली त्यांत एक असे की, अनेक घरांत न्हाणीच्या जमिनीतले ट्रॅप पाणी न पडल्याने कोरडे झाले होते. न्हाणीघरातला पंखा लावला की तो त्या कोरड्या ट्रॅपमधून नळातली दूषित हवा घरात खेचून घेई. रोजच्या घरात एवढा अनर्थ होत नाही, हे मी मुद्दाम सांगतो. भीती घालणे हा माझा हेतू नाही. पण आपल्याकडेही पुण्या-मुंबईची माणसे गावचे घर दोन-दोन महिने बंद ठेवतात आणि चैत्र-वैशाखात ट्रॅप सुकतात. घर उघडताच येणारा तो कोंदट वास उंदीर मेल्याचा नसतो. जाळीत तांब्याभर पाणी ओतावे, तासाभरात वास जातो. घर बंद करून निघताना त्या पाण्यावर चमचाभर गोडेतेल सोडले तर पाणी लवकर उडत नाही.

आता ट्रॅपमध्ये पाणी असूनही ते पळून कसे जाते, हे पाहू. रेशनच्या दुकानात रॉकेल मिळत असे तेव्हा दुकानदार बॅरलमध्ये रबरी नळी सोडून तोंडाने ओढत असे. एकदा रॉकेल नळीत भरून वाहू लागले की मग ओढावे लागत नसे. खाली जाणारे तेल मागच्या तेलाला आपोआप खेचून आणी. सांडपाण्याच्या अरुंद नळात हेच घडते. पाणी नळ गच्च भरून खाली धावले की मागे पोकळी होते, ती पोकळी ट्रॅपमधले पाणी ओढून घेते, आणि शेवटी 'गुडुप' असा आवाज येतो. हा आवाज म्हणजे दार निखळल्याचा आवाज. कधी कधी ट्रॅप स्वतःच्याच पाण्याने रिकामा होतो, तर कधी शेजारच्या नळातून जोराने गेलेल्या पाण्याने. दोष एकाचा, वास दुसऱ्या खोलीत, असा प्रकार त्यामुळे होतो आणि कारण सापडत नाही.

जुन्या मोरीत हातातल्या बादलीने पाणी ओतले जाई. धुण्याच्या यंत्राला पंप असतो. पंप म्हटला की आम्हा सांगलीकडच्या लोकांना १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी आठवते. तिथला पंप विहिरीचे पाणी उसावर चढवतो, आणि यंत्रातला हा वीतभर पंप साबणाचे पाणी मिनिटाला बादलीभर या गतीने नळात लोटतो. नळात आधीपासून हवा भरलेली असते. पाणी आले म्हणजे तिला जागा सोडावी लागते. वर वाट नसेल तर ती पुढे दाबली जाते आणि जिथे अडथळा सर्वांत कमी तिथून बाहेर पडते. सर्वांत कमी अडथळा म्हणजे शेजारच्या न्हाणीतले ते दोन इंच पाणी. हवा त्यातून बुडबुडे काढत वर येते, सोबत फेस आणते. पंप थांबला की उलटा खेळ सुरू होतो : खाली गेलेले पाणी मागे पोकळी सोडते आणि उरलेसुरले दारही ओढून नेते. पहिल्या तक्रारीतला फेस आणि दुसऱ्या तक्रारीतला वास ही एकाच आजाराची दोन लक्षणे होती.

एवढे समजल्यावर एका रविवारी मी आणि मिस्त्री त्या घरी गेलो. गवंड्याकडे पातळी पाहायची पारदर्शक नळी असते, लेव्हल ट्यूब. ती बरोबर नेली. तिला वाकण देऊन त्यात निळीचे पाणी भरले. मिस्त्र्याने एका टोकाला तोंड लावून ओढले, तसे पाणी सरकन तोंडापर्यंत आले. मग त्याने तोंड आणि पाणी यांच्या मध्ये चाकूने नळीला एक भोक पाडले आणि म्हणाला, "आता बघा." गाल आत जाईस्तोवर त्याने ओढले, पाणी जागचे हलले नाही. भोकातून हवा येत होती, तेव्हा ओढ पाण्याला लागेल कशी? मालक विचारात पडले. घरच्या वहिनी दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, तेलाच्या डब्याला आपण दुसरं भोक पाडतो, तसंच आहे हे. एकाच भोकानं तेल भकभक करतं." माझे आठवडाभराचे वाचन त्या बाईंनी एका वाक्यात सांगून टाकले.

आता काम कसे असावे ते सांगतो. ज्यांच्या घरी दुरुस्ती निघाली आहे त्यांनी इथे जरा लक्ष द्यावे.

यंत्राला पंप आहे की नाही, हे सर्वांच्या आधी पाहावे. दोन टबांची अर्धस्वयंचलित यंत्रे आणि वरून कपडे टाकायची काही स्वयंचलित यंत्रे पाणी नुसत्या उताराने सोडतात. त्यांची नळी उंच टांगली तर पाणी यंत्रातच राहील. ती जमिनीलगतच नहाणी ट्रॅपकडे न्यावी. समोरून दार असलेल्या यंत्राला पंप असतो. त्याची नळी मात्र जमिनीवर टाकू नये, कारण मग रॉकेलच्या नळीसारखे होऊन यंत्र एकीकडे पाणी भरते आणि दुसरीकडे ते वाहून जाते. मीटर पळत राहतो आणि कपडे काही निघत नाहीत. अशा यंत्रासाठी भिंतीत एक उभा नळ ठेवतात. त्याचे तोंड जमिनीपासून साधारण दोन ते तीन फुटांवर असावे. यंत्राच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असतो, तो प्रमाण मानावा. यंत्राची नळी त्यात वीतभरापेक्षा कमी, सैल सोडावी. भोवती फट राहिली पाहिजे. ती फट बोळ्याने किंवा सिलिकॉनने बंद करणारे हात मी पाहिले आहेत. त्यांना वाटते वास तिथून येतो. वास तिथून येत असेल तर ट्रॅपचे काहीतरी चुकले आहे. फट बुजवली तर गटाराचे पाणी कपड्यांपर्यंत ओढले जाण्याची सोय मात्र होते.

उभा नळ ५० मिलिमीटरचा घ्यावा. ४० चा चालतो, पण साबणाची पावडर आणि कपड्यांचा तूस यांनी तो लवकर आवळतो. नळाच्या पायाशी ट्रॅप हवा. ट्रॅपपासून पुढच्या आडव्या नळाला फुटामागे पाव इंच ढाळ द्यावा. ढाळ कमी पडला तर तूस बसतो. आणि 'जास्त ढाळ म्हणजे जास्त चांगले' असे समजून तो फार दिला तर ट्रॅपची ओढ वाढते. गवंड्याच्या डोळ्यावर विसंबू नये, लेव्हल ट्यूब लावूनच पाहावे. मग ट्रॅपपासून दोन-अडीच हातांच्या आत आडवा नळ एका उभ्या नळाला 'टी'ने मिळावा. त्या 'टी'तून पाणी खाली जाते आणि हवा वर. वरचा भाग म्हणजेच 'व्हेंट'. तो मध्ये कुठेही आडवा न लोंबता थेट गच्चीच्या कठड्यावर, जवळच्या खिडकीच्या माथ्याहून उंच न्यावा आणि त्याला जाळीची टोपी घालावी, नाहीतर चिमण्या आणि गांधीलमाशा घर करतात. न्हाणीघराची, ओट्याची लाइन याच उभ्या नळाला मिळत असेल तर तो ७५ मिलिमीटरचा हवा. कोपऱ्यावर झाकणाचा बेंड, ज्याला मिस्त्री 'डोअर बेंड' म्हणतात, तो बसवायला सांगावे आणि त्यावर फरशी चढवू नये. दहा वर्षांनी नळ तुंबेल तेव्हा ते झाकण किती मोलाचे होते हे कळेल.

गच्चीपर्यंत जाणे खरोखरच अशक्य असेल, उदाहरणार्थ चार मजली इमारतीत मधल्या सदनिकेत, तर हवा आत घेणारी एकमार्गी झडप मिळते. ती ओढ भागवते, पण दाब सोडत नाही. म्हणजे अर्धेच काम करते. फेस येण्याची तक्रार तिने जाणार नाही.

आमच्या साताऱ्याच्या मालकांना गच्ची फोडायची नव्हती, आणि तशी गरजही नव्हती. मागच्या भिंतीबाहेरून पट्ट्या मारून नळ कठड्याच्या वर नेला. वीस फूट पाइप, दोन बेंड, एक टी, एक टोपी. दीड दिवसाचे काम. पहिल्याच वेळी केले असते तर भिंत पुन्हा फोडावी लागली नसती. पुढच्या धुण्याला जाळीतून फेस आला नाही. सामानाचे पैसे मालकांनी दिले, सात हजारही दिले. दीड दिवसाची मजुरी मात्र मिस्त्र्याने आपणहून सोडली. मला ते पटले नाही. ज्याने पहिल्या दिवशी बरोबर सांगितले त्याने नुकसान का सोसावे? पण तडजोड त्या दोघांची होती. तेव्हापासून आमच्या नळकामगारांना मी एक सांगत आलो आहे : व्हेंटला मालक नाही म्हणाला तर ते अंदाजपत्रकाच्या कागदावर लिहून त्याची सही घ्या. आता बरेच जण तसे करतात. आणि मौज अशी की सही मागितली की निम्मे मालक व्हेंटला तयार होतात.

हे सगळे मी ज्या कारणासाठी मनावर घेतले ते अजून सांगायचे राहिले. नळ चुकीचा घातला की तो तुंबतो आणि चेंबर भरते. यंत्राचे सगळे पाणी सेप्टिक टाकीत सोडले तर टाकीही वेळेआधी भरते. आवारात जागा असल्यास ते वेगळे काढून शोषखड्ड्यात घालावे. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. आबा ग्रामविकासमंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान निघाले, तेव्हा खेडोपाडी लोकांनी शोषखड्डे खणले. शहरात आपण ते विसरलो. टाकी भरली की आपण काय करतो? कुणाला तरी बोलावतो. तो येतो, झाकण उघडतो. आत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो. फार झाला तर नाकच बधिर होते आणि वास गेला असे वाटते. माणूस त्याच क्षणी आत उतरतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. अशा जोडीने गेलेल्या माणसांच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो.

२०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. तो केवळ नगरपालिकेला आणि ठेकेदाराला लागू आहे असा पुष्कळांचा समज असतो. घरमालकालाही तो तितकाच लागू आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाखांवर नेली. टाकी उपसायची तर यंत्राची गाडी बोलवावी, माणूस आत उतरू देऊ नये. तो स्वतः "उतरतो की साहेब" म्हणाला तरी नाही.

सांगलीकरांसाठी आणखी थोडे सांगायला हवे, कारण साताऱ्याचे घर उतारावर आणि सांगलीचे कृष्णेच्या पात्रालगत. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले, २०२१ च्या जुलैत पुन्हा गावभागात शिरले. २०१९ च्या पुरानंतर मी तिथल्या एका नातेवाइकाकडे साफसफाईला गेलो होतो. ते सांगत होते, "पाणी दारातून आलंच नाही आधी. आधी न्हाणीतून आलं." बरोबर आहे. ट्रॅप वायूला अडवतो, पाण्याला नाही. व्हेंटचाही इथे काही उपयोग नाही. रस्त्याखालचे गटार भरले की ते घराघरात उलटे चढते आणि जमिनीतली जाळी हे त्याचे पहिले तोंड. तेव्हा पुराच्या पट्ट्यातल्या तळमजल्यावर दुरुस्ती निघाली तर बाहेरच्या चेंबरच्या अलीकडे एकमार्गी झडप बसवावी, जी पाणी जाऊ देते आणि येऊ देत नाही. यंत्र दीड-दोन फुटांच्या ओट्यावर ठेवावे, मात्र त्याच्या उभ्या नळाचे तोंडही तेवढेच वर घ्यावे. झडप बसली म्हणजे पाणी थांबेल असे मी म्हणत नाही. ५७ फुटांपुढे झडप काय करणार? पण दोन फुटांच्या पुरात घर वाचते. या झडपेच्या पाळीवर तूस आणि केस अडकतात, मग ती पुरती मिटत नाही आणि ऐन वेळी दगा देते. म्हणून रोहिणी निघाल्या की झाकण उघडून तिची पाळी धुवावी, बोटाने हलवून पाहावी, आणि मृगाच्या आधी झाकण पुन्हा घट्ट बसवावे.